डार्थ व्हेडर, व्हाया कुंभार गल्ली

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ या अंतराळपटातून पडद्यावर आलेल्या डार्थ व्हेडर या खलनायकाचा मुखवटा समोरून नीट पाहिला, तर त्याच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे लक्षात येतं. एका गालाचा उठाव दुसऱ्याशी जुळत नाही. रंगही सगळीकडे एक नाही, काही पट्टे चकचकीत काळे आणि काही पोलादी करडे. ब्रायन म्यूर या इंग्रज शिल्पकाराने तो हाताने मातीत घडवला होता, त्यामुळे मातीकामात येणारा थोडा डावा-उजवा फरक त्यातही आला. पुढे त्याच मालिकेतल्या २००५ च्या चित्रपटासाठी मुखवटा नव्याने करताना कॉम्प्युटरच्या मदतीने दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या केल्या गेल्या. तो मुखवटा निर्दोष आहे आणि जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना नेमका म्हणूनच आवडत नाही.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवली की कोल्हापुरातल्या व्हेडरप्रेमींचा नाद समजायला सोपा जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कंपनीची वस्तू परवडत नाही म्हणून ही मंडळी गल्लीत करून घेतात. पैशाचा भाग आहेच, त्यावर पुढे बोलू. पण फायबरचं शिरस्त्राण, चामड्याचा मुखवटा, जुन्या बॅनर पेंटरने रंगवलेलं चित्र, अॅल्युमिनियमचा ओतीव पेपरवेट अशा वस्तू जमवणाऱ्यांच्या मागे दोन इतिहास आहेत. एक परदेशातला, दुसरा शहराचा स्वतःचा. माझ्या मते दुसरा जास्त वजनदार आहे.

आधी परदेशातला. सुरुवातीच्या आराखड्यात व्हेडरला मुखवटा नव्हताच. एका प्रसंगात तो एका अंतराळयानातून दुसऱ्या यानात शिरतो. मधल्या पोकळीत हा माणूस श्वास कसा घेणार, असा प्रश्न चित्रकार राल्फ मॅक्वारी यांना पडला आणि त्यांनी त्याला श्वासयंत्र चढवलं. जपानी सामुराईंच्या शिरस्त्राणाची छाया त्या चित्रात स्पष्ट दिसते. वेशभूषाकार जॉन मोलो यांनी मोटरसायकलस्वाराचा काळा चामडी पोशाख, जर्मन लष्करी शिरस्त्राण, गॅस मास्क आणि एका साधूचा झगा एकत्र करून पहिला आकार उभा केला. त्यानंतर म्यूर यांची माती, मग साचा, मग फायबर. श्वासाचा तो घोगरा आवाज ध्वनिकार बेन बर्ट यांनी पाणबुड्याच्या श्वासनळीतून मिळवला. शरीर डेव्हिड प्राउझ यांचं, आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. इतक्या हातांनी मिळून केलेला हा खलनायक आहे, आणि त्यातला जवळपास कुठलाच हात कारखान्यातला नाही.

कारखाना मागून आला. करार करताना दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी वस्तूंच्या विक्रीचे हक्क स्वतःकडे ठेवले. तेव्हा स्टुडिओला त्यात फारसा जीव वाटला नव्हता. खेळणी करण्याचं काम सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे गेलं. चित्रपट मे १९७७ मध्ये लागला आणि नाताळ तोंडावर आला तरी खेळणी तयार नव्हती. तेव्हा केनरने चक्क प्रमाणपत्र असलेलं पाकीट विकलं. ते प्रमाणपत्र पोस्टाने पाठवायचं आणि पुढच्या वर्षी चार फिगर, म्हणजे पात्रांच्या छोट्या प्लास्टिकच्या बाहुल्या, घरपोच घ्यायच्या. या चौघांत व्हेडर नव्हता! ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर टू डी टू, बस. व्हेडर आला तो १९७८ च्या पहिल्या बारा फिगरमध्ये, पावणेचार इंची मापाच्या मालिकेत. हे माप लहान ठेवलं, कारण फिगर बसतील अशी यानंही परवडणाऱ्या किमतीत विकता यावीत. सुरुवातीच्या काही नगांत त्याची तलवार दोन टप्प्यांत बाहेर यायची. पुढे ती सोपी केली गेली, आणि आज तो दोन टप्प्यांचा व्हेडर जगभरच्या कलेक्टरांना वेड लावतो. १९८० मध्ये तर व्हेडरच्या धडाच्या आकाराची काळी पेटीच निघाली, आत एकतीस फिगर ठेवायला. नायक-नायिका सगळे खलनायकाच्या छातीत बंद, ही कल्पना ज्याला सुचली त्याला दाद द्यावीशी वाटते.

आपल्याकडच्या मुलांच्या हातात त्या काळात वेगळे खलनायक होते. लिओ कंपनीचा ही-मॅन आणि त्याच्यासमोर कवटीतोंड्या स्केलेटर. १९८७ च्या सुमारास एमआरएफ आणि हासब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल सुरू झाली. तिने केलेल्या जी. आय. जो मालिकेतल्या काही फिगरचे रंग मूळ अमेरिकन नगांपेक्षा इतके वेगळे आहेत की परदेशी कलेक्टर त्या आजही शोधत असतात. त्याच १९८७ साली मोगॅम्बो आला. अदृश्य करणाऱ्या घड्याळामागे लागलेला हा माणूस विज्ञानकथेतलाच खलनायक, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही. त्याचा तो सोनेरी झालरींचा पोशाख माधव अगस्ती यांनी शिवला होता, आणि शाळेच्या गॅदरिंगसाठी तसाच कोट शिवून द्या म्हणून गल्लीतल्या टेलरच्या मागे लागलेली पोरं माझ्या पिढीने पाहिली आहेत. दहा वर्षांनी शक्तिमान आला आणि तमराज किल्विशसाठी काळ्या चादरी कपाटातून बाहेर निघाल्या. व्हेडर बहुतेकांना भेटला तो केबलवर, रात्री उशिरा, अर्ध्यातून सुरू झालेल्या चित्रपटात. कथा कुणालाच नीट कळली नाही. तो काळा माणूस मात्र डोक्यात राहिला.

आता शहराचा इतिहास. कोल्हापूर खलनायक घडवण्यात जुनं आहे. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलत-मावस नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी, ज्यांना सगळे बाबूराव पेंटर म्हणून ओळखतात, दामल्यांच्या साथीने स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्यांचा १९२० चा ‘सैरंध्री’ गाजला तो मुख्यतः कीचकवधाच्या प्रसंगासाठी. तो इतका खरा वाटला की सरकारी सेन्सॉरने त्याला कात्री लावली. कोल्हापूरच्या सिनेमाचा पहिला मोठा गाजावाजा एका खलनायकाच्या मरणावरून झाला, हे आपण फारसं सांगत नाही. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं बाबूरावांचं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोजलं जातं. प्रभात १९२९ मध्ये इथेच सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण पडदे, सेट आणि पोस्टर रंगवणारे सगळे हात काही तिच्याबरोबर गेले नाहीत.

त्या हातांच्या पुढच्या पिढ्यांनी टॉकीजचे बॅनर रंगवले. नायक गुलाबी, खलनायकाच्या गालावर हिरवी किंवा निळी झाक, भुवईखाली लाल. फ्लेक्स आला आणि काही वर्षांत हे काम संपलं. कोल्हापुरात फ्लेक्सचा धुमाकूळ किती, हे वेगळं सांगायला नको. वाढदिवसाचा फ्लेक्स लागला नाही तर माणूस जन्मलाच नाही असं समजणारं शहर आहे हे. बॅनर पेंटर मग गाड्यांच्या पाट्यांकडे, दुकानांच्या बोर्डांकडे आणि मंडळांच्या देखाव्यांकडे वळले. अशा पेंटरकडून व्हेडर रंगवून घेतला की तो काळा राहत नाही. शिरस्त्राणाच्या कडेला निळं, गालाच्या खोबणीत लाल, कपाळावर पांढऱ्याचा एक झटका. अधिकृत पोस्टरपुढे हे चित्र भडक वाटेल, पण माझ्या संग्रहातली सगळ्यात आवडती वस्तू तीच आहे.

देखाव्यांचं प्रकरण निराळं. गणेशोत्सवात राजारामपुरी-शाहूपुरीकडची मंडळं तांत्रिक देखाव्यांसाठी ओळखली जातात. मोटर, पट्टा, कप्पी, धूर, लाल बल्ब आणि खर्जातला रेकॉर्ड केलेला आवाज. राक्षसाची मान वळते, डोळे पेटतात, लहान पोरं आईच्या पदरात शिरतात. ध्वनी आणि प्रकाशावर दहशत उभी करणारा व्हेडर या प्रेक्षकाला परका वाटण्याचं कारणच नव्हतं. शिवाय हे शहर आपल्या खलनायकाला विसरत नाही. आख्यायिकेप्रमाणे अंबाबाईच्या हातून मरताना कोल्हासुराने नगराला आपलं नाव राहावं असा वर मागितला, आणि नवरात्रात ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर आजही असुराच्या वधाचं प्रतीक म्हणून कोहळा फोडला जातो. त्या कोहळ्याचा तुकडा मिळवायला उडणारी झुंबड पाहिली तर खलनायकाची वस्तू घरी नेण्याची हौस नवी नाही हे पटतं.

प्रत्यक्ष घडणावळीत मात्र सगळ्यात जास्त वाटा कुंभारांचा. गंगावेस, शाहूपुरी, बापट कॅम्प इथल्या कारखान्यांत जी पद्धत चालते तीच म्यूर यांच्या कार्यशाळेत होती. आधी माती, मग साचा, मग भरणी, सांधा घासणं, शेवटी रंग. म्हणून शिरस्त्राणाचं काम सांगितल्यावर कारागीर गोंधळत नाही. अडतो तो एकाच ठिकाणी. मूर्तिकाराची खरी प्रतिष्ठा डोळ्यांच्या आखणीत असते. गणपतीचा भाव तिथे येतो आणि ते काम घरातल्या जाणत्या माणसाकडेच असतं. व्हेडरला डोळेच नाहीत, नुसत्या काळ्या काचा. मग भाव आणायचा कुठे? चांगला कारागीर तो भुवईच्या कडेत आणि गालाच्या उतारात आणतो. हलक्या हाताचा कारागीर सगळं गुळगुळीत करून टाकतो आणि व्हेडरचा बेडूक होतो. कुठल्याही प्रतीत मी पहिल्यांदा भुवईच बघतो.

उद्यमनगरातली परंपरा वेगळी, तिथे फाउंड्रीची भाषा चालते. पॅटर्नमेकर लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबून साचा उठवायचा नमुना, कोरताना पहिला विचार करतो तो वाळूतून सुटण्याचा. व्हेडरचा टोप खाली घंटेसारखा फाकलेला, त्यामुळे पॅटर्न अलगद निघतो. तोंडाच्या जाळीला मात्र कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा वेगळा तुकडा, लावावा लागतो, नाहीतर ती भरून येते. मूळ वस्तूही अशीच दोन भागांत होती, चेहरा वेगळा आणि वर बसणारा टोप वेगळा. हे कुणी शिकवलेलं नसताना पॅटर्नमेकर पहिल्याच बैठकीत तेच सुचवतो. चपलेच्या कारागिरांचं योगदान तुलनेने थोडं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर हातकामाला मागणी वाढली आणि असल्या फुटकळ कामाला वेळ कमी झाला. तरी चामड्याच्या मुखवट्यात तोंडाच्या जाळीच्या जागी चपलेवरची वेणी बसवलेला नमुना मी पाहिला आहे. मूळ डिझाइनपेक्षा तो सरस आहे, हे लिहिताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

आता पैशाचं आणि कायद्याचं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. याचा परिणाम असा, की परदेशी फिगरची किंमत पाहून अनेकजण गल्लीकडे वळले आणि तिथेच रमले.

हक्कांच्या बाबतीत सगळ्यात गाजलेला खटला इंग्लंडमधला. पहिल्या चित्रपटासाठी पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकांची शिरस्त्राणं तयार करणारे अँड्र्यू एन्सवर्थ पुढे तीच घरबसल्या विकू लागले. लुकासफिल्मने दावा लावला. अमेरिकेतल्या न्यायालयाने एन्सवर्थ यांच्याविरुद्ध दोन कोटी डॉलरचा निवाडा दिला. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उलट ठरवलं की शिरस्त्राण हे शिल्प नाही, चित्रपटातली वापराची वस्तू आहे, म्हणून शिल्पाला मिळणारं कॉपीराइटचं संरक्षण त्याला नाही. अमेरिकन कॉपीराइटच्या भंगाचा दावा मात्र इंग्लंडच्या न्यायालयात चालू शकतो, असं त्याच निकालात ठरलं. हा निकाल इंग्लंडचा आहे, कोल्हापूरचा नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे, आणि स्वतःसाठी एक नग करून घेणं व दुकान थाटून शंभर विकणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाणते कलेक्टर ही रेघ पाळतात. परदेशात १९९७ मध्ये स्थापन झालेल्या ५०१ व्या लीजन या चाहत्यांच्या संघटनेचाही हाच दंडक आहे. पोशाख स्वतः करायचे, नफ्यासाठी मिरवायचे नाहीत, धर्मादाय कामासाठी खुशाल वापरायचे.

सध्या वाद आहे तो थ्रीडी प्रिंटचा. फाइल उतरवायची, रात्रभर मशीन चालवायचं, सकाळी टोप तयार. याला हातचं काम म्हणायचं का? माझं मत असं, की प्रिंट काढल्यावर थर मोडायला लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, पुन्हा भरणं आणि रंग यात खरं काम आहे, पण आकार कुणाचा याचं उत्तर तिथे मिळत नाही. माझ्या कपाटात प्रिंटचा एकच टोप आहे आणि तो मागच्या रांगेत आहे.

त्याहून मोठी अडचण नावाची. केनरच्या फिगरच्या पायावर सालाचा ठसा असतो, त्यावरून कलेक्टर तासन् तास भांडू शकतात. आपल्याकडच्या वस्तूवर काहीच नसतं. बॅनर रंगवणाऱ्यांचीही हीच गत झाली, चित्र शहराला आठवतं आणि पेंटर कुणालाच आठवत नाही. म्हणून मी आणि आणखी काहीजण वस्तूच्या आतल्या बाजूला मार्करने कारागिराचं नाव, गल्ली आणि साल लिहून घेतो. शाहूपुरीतल्या एका मूर्तिकाराने मात्र साफ नकार दिला. म्हणाला, ‘‘काम चोख करून देतो, पण जे नाव गणपतीच्या पाटाखाली लिवतोय, ते ह्या काळ्याच्या डोस्क्यात नको.’’ त्या टोपात आता फक्त गल्ली आणि साल आहे.