इतिहासातील खलपुरुषांवरची पुस्तके मुलांसाठी निवडताना

मुलाला हिटलरविषयी किंवा औरंगजेबाविषयी वाचायचे आहे, पण त्याच्या वयाला झेपेल असे काही द्या, अशी मागणी आमच्या दुकानात येणारे पालक हल्ली वरचेवर करतात. ती आम्हाला वावगी वाटत नाही. चौथीच्या इतिहासात अफजलखान भेटतोच, आणि तिथून जागे झालेले कुतूहल घरी दडपले, तर मूल ते मोबाईलवर भागवून घेते. हे पत्रक तिसरी ते सातवीच्या, म्हणजे साधारण आठ ते बारा वर्षांच्या वाचकांपुरते आहे.

मुखपृष्ठावरून निर्णय करू नये. हिंसेचा प्रसंग जिथे असेल ते पान उघडून दुकानातच उभ्या उभ्या वाचून पाहावे. छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ मध्ये औरंगजेबाने हालहाल करून मारले आणि तरीही मराठ्यांची लढाई थांबली नाही, एवढे चौथीतल्या मुलाला पुरते. त्याच हालांची रंगीत चित्रे पानभर छापलेले पुस्तक आम्ही त्या वयाला देत नाही. त्याऐवजी मोगल सैन्य दक्षिणेत का अडकून पडले हे नकाशासह सांगणारे पुस्तक शोधावे. बादशहाची छावणी १६९५ पासून सुमारे चार वर्षे आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, हे कळल्यावर मुले तो नकाशा सोडत नाहीत.

जालियनवाला बागेवरचे पुस्तक घेताना एक खूण तपासावी. १३ एप्रिल १९१९ रोजी गोळीबाराचा हुकूम देणारा जनरल डायर वेगळा, आणि १९४० मध्ये लंडनमध्ये उधमसिंगांनी ज्याला मारले तो पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर ओडवायर वेगळा. या दोघांना एक करून टाकणारे पुस्तक खुशाल परत ठेवावे. लहानांना बागेची अरुंद वाट आणि सुमारे दहा मिनिटांत झाडलेल्या १६५० फैरी एवढे सांगितले तरी पुष्कळ होते. सहावी-सातवीच्या मुलांना मात्र पुढचेही वाचू द्यावे: वाट रुंद असती तर चिलखती गाड्या आत नेऊन मशीनगनही वापरल्या असत्या, अशी कबुली डायरने चौकशी समितीपुढे दिली, आणि तरीही इंग्लंडमध्ये लोकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी २६ हजार पौंड जमवले. पैसे देणारे ते लोक कोण होते, हा प्रश्न मूल आपणहून विचारते, आणि आमच्या मते पुस्तकाची किंमत तिथेच वसूल होते.

हिटलरच्या बाबतीत हाच निकष अधिक कडकपणे लावावा. ३० जानेवारी १९३३ रोजी तो चॅन्सेलर झाला तो राष्ट्राध्यक्षांच्या रीतसर नेमणुकीने. त्याआधीची बेकारी, त्याला मते देणारी माणसे आणि गप्प राहिलेले शेजारी पुस्तकात नसतील, तर तो मुलाला राक्षस तरी वाटतो किंवा, जे अधिक वाईट, भारी माणूस वाटतो. त्याचे आत्मचरित्र काही ठिकाणी व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले दिसते. सहावीतल्या मुलासाठी ते मागितले तर आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. गिऱ्हाईक नाराज होते, पण इलाज नाही. त्या वयाला ॲन फ्रँक या नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची डायरी आधी द्यावी, कारण ती तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत लिहिलेली आहे, आणि तीही शक्यतो घरातल्या कोणीतरी सोबत वाचावी.

सोलापूरच्या मुलांपुढे एक अवघड उदाहरण घरचेच आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चौघांचे पुतळे पाहून मूल विचारते, यांना मारले कोणी? तिथे बोट दाखवायला एक चेहरा सापडत नाही. १९३० चा मार्शल लॉ (लष्करी अंमल), न्यायालय, हुकूम आणि सह्या सापडतात. एवढे समजावून सांगणारे पुस्तक हाती लागले, तर ते पाचवीपासून पुढे जरूर द्यावे.

मुलाची इयत्ता आणि त्याने शेवटचे पूर्ण वाचलेले पुस्तक सांगितल्यास आम्ही दोन-तीन पुस्तके काढून ठेवतो. घरी चाळल्यावर एखादे वयाला जड वाटले, तर पाने न दुमडता आठ दिवसांत आणून द्यावे, बदलून मिळेल.