ऐन की अर्जुन? रोप नेण्याआधी आणि बी गोळा करण्याआधी

ओढ्याकाठी लावायला अर्जुन हवा असतो आणि घरी जातो ऐन. उलटही होतं. दोन्ही झाडं टर्मिनालिया या एकाच प्रजातीतली. पानांची घडण सारखी, फळाला दोघांच्याही बहुधा पाच पंख. त्यात काही भागांत दोघांनाही ‘सादडा’ म्हणतात, म्हणून रोप मागताना ते कुठे लावणार आहात हेही सांगा. अर्जुनाला नदी, ओढा, तळं यांच्या काठचा ओलावा मानवतो. ऐन हा पानझडी जंगलातला, डोंगरउतारावर सागासोबत वाढणारा.

साल

मोठं झाड समोर असेल तर बहुतेक वेळा सालच पुरते. ऐनाची साल काळपट करडी, उभ्याआडव्या खोल भेगांनी चौकोनी ढलप्यांत फुटलेली, थेट मगरीच्या पाठीसारखी. वणव्यात हीच जाड साल झाडाला वाचवते. अर्जुनाचं खोड गुळगुळीत, पांढुरकं करडं, मधूनच हिरवट-गुलाबी छटा असलेलं. त्याच्या सालीचे मोठे पातळ पापुद्रे सुटतात आणि खालची नवी फिकट साल उघडी पडते.

फसगत दोन ठिकाणी होते. ऐनाच्या कोवळ्या झाडाला अजून भेगा पडलेल्या नसतात. मनगटाएवढ्या खोडावरून निर्णय घेऊ नका. दुसरं म्हणजे, अर्जुनाची साल औषधासाठी ओरबाडली जाते आणि भरून आलेली जखम खडबडीत दिसते. अशा झाडाची हात न पोचणारी, वरची साल बघा.

पान

रोपाला ना धड साल असते, ना फळ. तिथे पान उलटं करायचं. ऐनाच्या पानाखाली, मधल्या शिरेवर देठाच्या जवळ एक किंवा दोन ग्रंथी, म्हणजे बारीक फुगवटे, असतात. त्या वर उचललेल्या असल्यामुळे बोटाला लागतात. अर्जुनाच्या दोन ग्रंथी देठ आणि पान जुळतं नेमक्या त्या सांध्यावर असतात. एखाद्या पानावर त्या नीट दिसत नाहीत, म्हणून एकाच रोपाची चार-पाच पूर्ण वाढलेली पानं तपासा. ऐनाच्या कोवळ्या पालवीवर तांबूस लव असते, हीही चांगली खूण.

लांबीवरून मात्र ओळखायला जाऊ नका. दोघांचीही पानं साधारण १० ते २० सेंटिमीटर भरतात आणि तोडलेल्या बुंध्यावरच्या फुटव्यांची पानं तर भलतीच मोठी होतात. अर्जुनाच्या पानांवर ट्रायोझा किडीमुळे फोडांसारख्या गाठी येतात. त्या पानभर कुठेही असतात. त्यांना ग्रंथी समजू नका.

फळ

फळ उजेडासमोर धरा आणि पंखावरच्या रेषा बघा. मधल्या कण्यापासून कडेपर्यंत सरळ आडव्या गेल्या असतील तर ऐन. वरच्या दिशेला वळत गेल्या असतील तर अर्जुन. ऐनाचे पंख रुंद, अर्जुनाचे अरुंद आणि जाड. झाडाखाली पडून राहिलेल्या जुन्या फळाचे पंख झिजतात, तेव्हा ताजं फळ घ्या. एकच पंख मोठा आणि दोन छोटे दिसले तर ते दोन्हींपैकी नव्हे, त्यांच्याच प्रजातीतलं किंजळ हे तिसरं झाड आहे. कोकणात पावसाळा सरल्यावर त्याचे तांबूस घोस लांबूनही ओळखू येतात.

बी गोळा करणाऱ्यांसाठी

फळं उन्हाळ्याच्या तोंडाला पिकतात. पंखांसकट वाळवा. पोतं भरण्याआधी त्या झाडाची वीसेक फळं आडवी कापा. ऐनाची पुष्कळ फळं आतून पोकळ निघतात आणि मग रुजवण फसली की दोष मातीला दिला जातो. निम्म्याहून जास्त रिकामी असतील तर दुसरं झाड शोधा. पेरण्याआधी ऐनाची फळं दोन दिवस, अर्जुनाची तीन-चार दिवस पाण्यात भिजवा. पाणी रोज बदला.

विदर्भात टसर रेशमाच्या अळ्यांसाठी लागवड करणाऱ्यांना दोन्ही झाडांचा पाला चालतो. तरी जमीन पाहूनच निवड करा. कोरड्या उतारावर लावलेला अर्जुन नुसता तग धरतो, अळ्यांना पुरेल इतका पाला देत नाही.

तरीही शंका राहिली तर देठासकट चार-पाच पानं, मिळाल्यास एक-दोन फळं आणि खोडाचा जवळून काढलेला फोटो घेऊन रोपवाटिकेत या. पानं वर्तमानपत्रात दाबून आणा. प्लास्टिकच्या पिशवीत ती काळी पडतात आणि ग्रंथी दिसेनाशा होतात.