पार्श्वभूमी : ढगांचं चित्र शाळेच्या गच्चीवर

ऑगस्ट २०२५ मध्ये, पोळ्याच्या तोंडावर, नोआ-१५ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह कायमचा बंद करण्यात आला. सहा दिवस आधी नोआ-१९ गेला होता आणि जूनमध्ये नोआ-१८. वर्तमानपत्रांना यात बातमी दिसली नाही, दिसायचं कारणही नव्हतं. पण जळगाव-धुळ्याकडे शाळेच्या गच्चीवर दोन नळ्यांचा अँटेना बांधून या उपग्रहांकडून ढगांचं चित्र घेणाऱ्या आम्हा काही शिक्षकांचं एक साधन त्या अडीच महिन्यांत हातातून गेलं. ते हातात कसं आलं आणि इतक्या उशिरा का आलं, त्याची ही हकीकत.

उशिरामागे पैसा होता, आयातीची बंधनं होती. पण माझ्या मते सगळ्यात जास्त वर्षं खाल्ली ती एका शब्दाने. तो शब्द म्हणजे 'उपग्रह शिक्षण'.

आपल्याकडे हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. पहिल्या अर्थाने, कुठेतरी स्टुडिओत तास घेतला जातो आणि उपग्रह तो खेड्यापर्यंत पोचवतो. इथे उपग्रह म्हणजे पोस्टमन. पाकिटात गणित आहे की इतिहास, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्या अर्थाने उपग्रह हाच धडा असतो: तो कुठून येतो, किती वेगाने जातो, त्याला काय दिसतं, दिसलेलं खाली कसं पाठवतो. सरकारी कागदात, अनुदानाच्या अर्जात आणि केंद्रप्रमुखांच्या डोक्यात पहिलाच अर्थ घट्ट बसलेला आहे. त्यामुळे 'आम्हाला उपग्रहावर काम करायचंय' म्हटलं की उत्तर ठरलेलं असायचं: 'टीव्हीची तबकडी मिळाली होती ना तुम्हाला?'

हा अर्थ रुजला त्याला कारणही तेवढंच मोठं आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवलं गेलं. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. गावात जाळीची मोठी छत्री आणि एक संच. जगात एवढा मोठा प्रयोग त्याआधी कुणी केला नव्हता आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. शेजारचा मध्य प्रदेश होता, पण त्यातली खेडी पार रायपूरकडची. सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे काही पोचलं नाही. खानदेशाला प्रयोग मिळाला नाही, शब्द मात्र मिळाला.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट सोडला गेला आणि शब्दावर शिक्काच बसला. तो उपग्रह २०१० मध्ये निवृत्त झाला. त्याच्या काळातली एक तबकडी आमच्या ओळखीच्या एका शाळेच्या छपरावर अजून आहे. पावसाळ्यात तिच्याखाली कबुतरं बसतात. हे चेष्टेने लिहीत नाही. शिक्षक नसलेल्या गावात पडद्यावरचा शिक्षक हा काही वाईट सौदा नव्हे. तक्रार एवढीच की पोस्टमनवर खर्च झाला की 'उपग्रहाचं काम झालं' अशी नोंद व्हायची आणि दुसरा अर्थ अर्जात लिहायला रकानाच उरायचा नाही. सातपुड्यापलीकडे होशंगाबादला १९७२ पासून मुलांनी हाताने करून विज्ञान शिकावं असा कार्यक्रम चालू होता, हेही इथे आठवतं. हे दोन्ही प्रयत्न एकमेकांना भेटले असते तर बहुधा हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता थोडं मागचं. भारताचं हवामान खातं १८७५ चं. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पावसाचे आकडे आहेत, म्हणजे पर्जन्यमापक त्याआधीपासून होते. १ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेचा टायरॉस-१ अवकाशात गेला. हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह ७८ दिवस चालला आणि त्याने जवळजवळ २३ हजार चित्रं पाठवली. पण ती उतरवून घ्यायला मोठी केंद्रं लागत. शाळेच्या दृष्टीने खरी कलाटणी डिसेंबर १९६३ ची आहे. टायरॉस-८ वर एक नवी युक्ती तपासली गेली: उपग्रहाला जे दिसतंय ते त्याने साठवून न ठेवता तिथल्या तिथे खाली सोडत राहायचं, कुलूप न लावता, साध्या रेडिओ लहरीवर. खाली ज्याच्याकडे रेडिओ असेल त्याने घ्यावं. याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सगळे एपीटीच म्हणतात. हिंद महासागराच्या आंतरराष्ट्रीय मोहिमेच्या निमित्ताने साठच्या दशकातच मुंबईत अशी चित्रं घेणं सुरू झालं होतं. मुंबई ते भुसावळ रेल्वेने एका रात्रीचा प्रवास. या चित्राला तो करायला पन्नास वर्षं लागली.

इंग्लंडमधल्या एका शाळेत भौतिकशास्त्राचे एक शिक्षक मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे आवाज ऐकत आणि वेळा मांडत. १९६६ मध्ये या मुलांच्या आकडेमोडीतून सोव्हिएत संघाचं एक गुप्त प्रक्षेपण केंद्र उघडं पडलं. साधन काय, तर जुना रेडिओ, घड्याळ आणि वही. हा किस्सा मी दरवर्षी नववीला सांगतो.

आपल्याकडे १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि बातम्यांच्या शेवटी ढगांचं चित्र दिसू लागलं. काळ्या नकाशावर पांढरे पुंजके आणि वर 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा'. वर्तमानपत्रातली ती चित्रं कापून फलकावर लावणारे शिक्षक त्या पिढीत बरेच होते. सप्टेंबर २००२ मध्ये खास हवामानासाठीचा आपला पहिला उपग्रह गेला, पुढे त्याला कल्पना-१ नाव मिळालं. मग २०१३ चा इन्सॅट-३डी, २०१६ चा ३डीआर, २०२४ चा ३डीएस. चित्र सुधारत गेलं, दर अर्ध्या तासाला मिळू लागलं, मोबाइलवर आलं. वर्गात ते तयारच यायचं, हॉटेलातल्या शेवभाजीसारखं. चव कळते, कृती कळत नाही.

हे बदललं २०१२ च्या सुमारास, आणि तेही कुणाच्या धोरणाने नाही. संगणकावर टीव्ही पाहायला मिळणाऱ्या पेनड्राइव्हएवढ्या डोंगलची एक चिप बऱ्याच मोठ्या पट्ट्यातल्या रेडिओ लहरींवर कान लावू शकते, हे काही हौशी लोकांच्या लक्षात आलं. आपल्या एफएमचा काटा १०८ मेगाहर्ट्झला संपतो. नोआ बोलायचे १३७ वर. मधलं अंतर ओलांडायला आधी महागडा रिसीव्हर लागायचा, आता हजार-दोन हजारांच्या घरातलं डोंगल पुरू लागलं. आमच्याकडे ते पोचायला आणखी चार वर्षं लागली. त्याच सुमारास, २०१६ पासून, निवडक शाळांना प्रयोगशाळेसाठी २० लाखांपर्यंतचं केंद्रीय अनुदान मिळू लागलं. त्यातून बहुतेक ठिकाणी थ्रीडी प्रिंटर आले. गच्चीवरच्या नळ्या भंगारातून आल्या.

नळ्यांचा हिशेब मुलांकडूनच करून घ्यायचा. प्रकाशाचा वेग भागिले लहरींची वारंवारता, म्हणजे ३०० भागिले १३७, तरंगलांबी साधारण २.१९ मीटर. तिचा चौथा हिस्सा ५५ सेंटीमीटर, तेवढी एकेक नळी. प्रत्यक्षात दोन सेंटीमीटर कमी ठेवल्या की बरं जमतं. जुन्या टीव्ही अँटेनाच्या दोन नळ्या, मधे १२० अंशांचा कोन, केबल टीव्हीची वायर. दहावीच्या पहिल्याच धड्यात गुरुत्वाकर्षण आहे आणि दहाव्या धड्यात अवकाश मोहिमा. क्रांतिक वेगाचं सूत्र तिथे आहेच, त्यात ८५० किलोमीटर उंची घातली की सेकंदाला सुमारे ७.४ किलोमीटर वेग येतो आणि एका फेरीला १०२ मिनिटं लागतात. मग घड्याळ लावून उभं राहायचं. वहीतलं उत्तर १०२ मिनिटांनी खरोखर क्षितिजावर उगवतं, तेव्हा मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

आणि तो आवाज. नोआचं चित्र म्हणजे टिक-टॉक, टिक-टॉक, सेकंदाला दोन रेघा. पडद्यावर एकेक रेघ उतरायची आणि तीच कानाला ऐकू यायची. नोआ-१५ सकाळी सात-साडेसातच्या सुमारास यायचा, उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेला अगदी सोयीचा. परिपाठ संपेपर्यंत राजस्थान ते श्रीलंका पडद्यावर असायचं. दुपारच्या फेरीत एप्रिलच्या अवरक्त चित्रात, ज्यात तापलेलं ते काळं दिसतं, खानदेश तव्यासारखा काळा दिसायचा आणि समुद्र फिका. खारे वारे आणि मतलई वारे यांवर त्यानंतर फार बोलावं लागायचं नाही.

इथे तो वाद येतो, जो दर विज्ञान प्रदर्शनात कुणीतरी काढतंच: आपले इन्सॅट असताना परक्या देशाच्या उपग्रहाचं चित्र कशाला? प्रश्न अगदीच भाबडा नाही. इन्सॅट ३६ हजार किलोमीटरवर भारतावर नजर रोखून एका जागी उभा आहे, नोआ दिवसातून दोन-चारदा धावती भेट द्यायचे. रावेर-यावलच्या पट्ट्यात मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात. ते ढग कसे वाढले हे बघायला दर अर्ध्या तासाचं चित्रच हवं. 'सर, मग केळी वाचेल का?' असं एका मुलीने विचारलं होतं. चार किलोमीटरच्या ठिपक्याचं, सकाळी घेतलेलं चित्र त्यावर काही सांगू शकत नाही, असं मला तिला सांगावं लागलं. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं आजही हेच आहे की डोंगल, खरखर आणि हुकलेल्या फेऱ्यांत आठवडे घालवण्यापेक्षा मोबाइलवरचं इन्सॅटचं चित्र नीट वाचायला शिकवावं.

मला ते पटत नाही. इन्सॅटचं मूळ प्रक्षेपण घ्यायला मोठी तबकडी आणि तशी यंत्रणा लागते, ते खात्याचं काम. मुलांच्या हाती येतं ते संकेतस्थळावरचं रंगवलेलं चित्र. एका जागी उभ्या उपग्रहात वाट पाहणं नाही, हुकणं नाही, लहर सरकणं नाही. नोआ जवळ येताना त्याची वारंवारता किंचित चढलेली आणि दूर जाताना उतरलेली दिसायची. हाच डॉप्लर परिणाम अकरावीत गाडीच्या शिट्टीवरून शिकवतात. झेंडा कुणाचा, हा प्रश्न पायथागोरसचं प्रमेय शिकवताना कुणी विचारत नाही.

कायद्याची भीतीही होती, आणि ती पोकळ नव्हती. १९३३ चा वायरलेस कायदा नुसतं यंत्र बाळगायलाही परवाना मागणारा होता. त्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा आला. दरम्यान कितीतरी मुख्याध्यापकांनी 'आधी वरून लेखी आणा' एवढंच म्हटलं असणार.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं आणि नाशिकमार्गे आमच्या दिशेने सरकलं, तेव्हा शाळा बंद होत्या. नोंदवहीतली ती पानं कोरी आहेत. १५ जून २०२३ ला मात्र शाळा उघडली त्याच दिवशी बिपरजॉय कच्छच्या किनाऱ्याला धडकत होतं. चित्र उतरलं आणि पाचवीतला एक पोरगा मधे घुसून म्हणाला, "सर, आपलं गाव कोठे शे?" एरवी याचं उत्तर सोपं असतं. खंबातच्या आखाताची खाच शोधायची, तापी तिथेच समुद्राला मिळते. तिथून उजवीकडे साधारण सत्तर ठिपके गेलं की जळगाव. त्या दिवशी खाचच ढगाखाली होती. मग नववीच्या मुलांनी दक्षिणेचं पुसटसं टोक धरलं. कन्याकुमारी ८ अंशांवर, आपण २१ वर. अंतर साधारण १४३५ किलोमीटर. जमिनीवर उपग्रहाच्या बरोबर खालचा बिंदू सेकंदाला साडेसहा किलोमीटर सरकतो. म्हणजे २२० सेकंद. म्हणजे ४४० रेघा. रेघा मोजून बोट ठेवलं तिथे नुसता पांढरा ढग होता. "हाई आपलं गाव," असं म्हणून पोरगा समाधानाने गेला.

आता नोआ नाहीत. अमेरिकेच्या नव्या उपग्रहांवर एपीटी ठेवलेलंच नाही. त्यांचं चित्र घ्यायला उपग्रहामागे फिरणारी तबकडी लागते. नोआ-१५ ला २७ वर्षं झाली होती, त्याला थांबवणं समजू शकतं. साठ वर्षं कुणालाही खुली असलेली सोपी वाट नव्या आराखड्यात सोडून दिली, ते समजत नाही. उरले आहेत रशियाचे मेटिओर उपग्रह, २०२३ आणि २०२४ मध्ये सोडलेले. तेही १३७ च्याच पट्ट्यात बोलतात, त्यामुळे नळ्या, वायर, डोंगल तेच. बदललं ते लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर. चित्र चौपट बारीक, रंगीत. पण ते डिजिटल आहे. सिग्नल कमी पडला की खरखरीतून अंधूक किनारा दिसण्याऐवजी सरळ काळा पट्टा येतो, आणि आवाज म्हणजे नुसता सूं सूं. त्यातून रेघ ऐकू येत नाही.

रेघा मोजायचं कोष्टकही बाद झालं. मेटिओरचा ठिपका एक किलोमीटरचा, त्यामुळे कन्याकुमारीपासून आमच्यापर्यंत ४४० ऐवजी चौदाशेच्या वर रेघा येतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत दोन मुलांनी बसून नवं कोष्टक केलं. त्यांचा आकडा १४१२ आला, दुसऱ्यांदा १४४९. तिसऱ्यांदा मोजायचं अजून बाकी आहे.