समुद्री तारेची थट्टा आणि ‘कार्टून’ या शब्दाचा घोळ

२८ ऑगस्ट १८५० रोजी इंग्लंडमधल्या डोव्हरहून फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत समुद्रतळावर टाकलेली संदेशांची तार दुसऱ्या दिवशी मुकी झाली. तांब्याच्या तारेवर गटापर्चाचा, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकाचा, थर आणि ती तळाशी बसावी म्हणून ठरावीक अंतरावर शिशाची वजनं, एवढाच तिचा संसार. लोखंडी कवच १८५१च्या तारेला मिळालं आणि ती टिकली. लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने मात्र १८५०च्याच तारेवर समुद्रतळाशी शांतिदेवता चालवली.

या चित्राला आज सर्रास ‘कार्टून’ म्हणतात. मूळ अर्थाने कार्टून म्हणजे भित्तिचित्रासाठी जाड कागदावर काढलेला पूर्ण आकाराचा आराखडा. नव्या संसदभवनासाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन १८४३मध्ये भरलं, तेव्हा त्याच साप्ताहिकाने आपल्या थट्टाचित्रांना हा शब्द चिकटवला. पुढे बराच काळ तो मुख्यतः आठवड्याच्या मोठ्या राजकीय चित्रापुरता राहिला. मजकुराच्या मधली लहान चित्रं निराळी धरली जात. तारेवरची बरीच मजा या लहान चित्रांत आहे, म्हणून फक्त ‘कार्टून’ शोधणाऱ्याच्या हाती निम्माच ऐवज लागतो. उलट १८६६च्या शिलामुद्रणात सिंह, गरुड आणि समुद्रदेव तारेचा गौरव करतात. त्यात थट्टेचा लवलेश नाही, तरी तेही कार्टूनांच्या यादीत घुसवलेलं दिसतं. त्याला रूपकचित्र म्हणावं.

तारखेचाही घोळ आहेच. १८६०च्या दशकात मोठ्या चित्राचा विषय बुधवारी रात्री संपादकांच्या जेवणात ठरे, शुक्रवारी चित्रकार तो छपाईच्या लाकडी ठोकळ्यावर उलटा रेखाटे, शनिवारी रात्रीपर्यंत कोरकाम संपे. अंक पुढच्या बुधवारी निघे, पण त्यावर तारीख त्यानंतरच्या शनिवारची. म्हणजे चित्रकाराला काय ठाऊक होतं हे ठरवताना छापील तारखेतून दहा दिवस वजा करायचे. १८६५च्या चित्रातला समुद्रदेव तारेवर बसलेल्यांना ‘उठा, ती दुसरी अशीच मोडली’ म्हणून दरडावतो. ‘ती दुसरी’ म्हणजे १८५८ची अटलांटिक तार, जी जेमतेम तीन आठवडे बोलली. २ ऑगस्ट १८६५ला भर समुद्रात तुटलेली नव्हे.

ठोकळ्यासाठी वापरायच्या बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या झाडाचं खोड बारीक असल्याने मोठा ठोकळा अनेक तुकडे बोल्टने आवळून केलेला असे. घाई असली की तुकडे सुटे करून वेगवेगळ्या कोरणाऱ्यांना वाटत. सांध्यालगतची पट्टी मुद्दाम कोरायची ठेवत आणि जोडणीनंतर मुख्य कारागीर रेषा जुळवी. बोल्ट सैल पडला किंवा लाकूड आकसलं, की छापात पांढरी उभी रेघ उमटते, आणि आडवी तार तिथे तुटल्यासारखी दिसते. तो विनोद नव्हे, सांधा आहे. ठोकळ्याची धातूची प्रत काढण्यासाठी साचा बनवायचा तोही काही छापखान्यांत गटापर्चाचाच.

१८७०मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई–एडन तार टाकली, तोवर तार तुटणं हा हमखास चालणारा विषय उरला नव्हता. या साप्ताहिकी चित्रांवर आज दिसणारे रंग बहुतेक मागाहून हाताने भरलेले असतात. मूळ छपाई काळ्या शाईची.