सॅमन गणना व गळ-मासेमारी सर्वेक्षण

विणीसाठी समुद्रातून नदीत परतणारे सॅमन मासे मोजणे आणि त्याच नदीवर हौशी मासेमारांनी किती मासे धरले याची नोंद ठेवणे, असे हे दुहेरी हंगामी काम आहे. अलास्का, कॅनडा, नॉर्वे, स्कॉटलंड अशा प्रदेशांत ते मुख्यतः उन्हाळ्यात आणि शरदात चालते. दोन्ही कामे बहुधा वेगवेगळ्या तुकड्या करतात, पण एकीची नोंद दुसरीशिवाय अपुरी असते. वरच्या अंगाला मासे कमी पोहोचले, तर ते समुद्रातूनच कमी आले की वाटेत गळाला लागले, हे नुसत्या गणनेवरून सांगता येत नाही.

पॅसिफिक महासागरातील चिनूक, सॉकाय, कोहो, पिंक आणि चम या जाती एकदाच वितात आणि मरतात. त्यामुळे मासेमारीतून निसटून विणीच्या जागी किती मासे पोहोचले, यावर पुढची पिढी ठरते. अटलांटिक सॅमनमधले काही मासे मात्र विणीनंतर जगतात आणि पुन्हा परततात.

पाणी नितळ असेल तर डोळ्यांनी मोजणे ही सर्वांत साधी पद्धत. अलास्कात ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नॅकनेक, एगेगिक अशा नद्यांच्या काठी मनोरे उभारलेले आहेत. मोजणारा दर तासाला प्रत्येक काठाजवळून जाणारे मासे १० मिनिटे मोजतो. वर जाणारे मिळवायचे, उलटे खाली येणारे वजा करायचे आणि आलेल्या आकड्याला ६ ने गुणून तासाचा अंदाज बांधायचा. रात्री दिव्याच्या उजेडात हेच काम सुरू राहते. लहान नद्यांत उभ्या गजांचे आडवे कुंपण घालून मधल्या अरुंद वाटेने मासे सोडतात. पुरात कुंपण पाण्याखाली गेले की गणना खंडित होते. हिमनदीच्या गाळाने गढूळ झालेल्या, अलास्कातल्याच कीनाई नदीत सोनार, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून मासे टिपणारे यंत्र, वापरावा लागतो. सोनारला माशाची लांबी कळते, पण जात ओळखता येत नाही. म्हणून तिथे चिनूकसाठी सुमारे ७५ सेंटीमीटर व त्याहून मोठ्या माशांचाच हिशेब धरतात.

काही मासे थोडा वेळ धरून त्यांची लांबी मोजतात आणि डाव्या कुशीवरचे खवले काढतात. खवल्यावरची वलये हिवाळ्यात दाटीने पडतात. त्यांवरून मासा नदीत किती वर्षे राहिला आणि समुद्रात किती, हे वाचता येते.

हौशी मासेमारांचे सर्वेक्षण माणसांशी बोलून करावे लागते, आणि माझ्या मते जास्त कसोटी तिथेच लागते. काठावर किंवा होड्या लागतात त्या धक्क्यावर प्रश्न विचारतात: गळ कधी टाकला, किती मासे ठेवले, किती सोडून दिले? गर्दी सुट्टीच्या दिवशी वाढते, म्हणून कामाचे आणि सुट्टीचे दिवस वेगळे धरून त्यांतून सर्वेक्षणाचे दिवस निवडतात. रिकाम्या हाताने परतणाऱ्याला विचारणे तितकेच आवश्यक आहे. त्याला वगळले तर दर तासाला मिळणाऱ्या माशांचे प्रमाण फुगते. काठाने फिरत विचारणाऱ्याला दिवसभर बसलेले मासेमार जास्त भेटतात आणि तासाभरात उठून जाणारे निसटतात. हा कलही हिशेबात घ्यावा लागतो. सोडलेल्या माशांतलेही काही नंतर मरतात, विशेषतः पाणी कोमट असताना.

पैदास केंद्रातील माशांच्या बाबतीत दोन्ही कामे थेट एकत्र येतात. अनेक केंद्रांत पिल्लांच्या नाकाडात जेमतेम १ मिलिमीटर लांबीची सांकेतिक तार बसवतात आणि खूण म्हणून शेपटीजवळचा लहान मांसल पर कापतात. असा मासा गळाला लागला की सर्वेक्षक त्याचे डोके मागून घेतात. तारेवरून केंद्र आणि वर्ष कळते.

हंगाम संपल्यावर आकडे जुळवून भागत नाही, निर्णय मासे येत असतानाच घ्यावे लागतात. अलास्कात अधिकारी तातडीच्या आदेशाने मासेमारी खुली किंवा बंद करतात. जून २०२४ मध्ये, परतणारे सॅमन फारच कमी दिसल्यामुळे, नॉर्वेने ऐन हंगामात ३३ नद्यांवरची सॅमन-मासेमारी थांबवली. त्याच वर्षी युकॉन नदीतील चिनूकची मासेमारी ७ वर्षे बंद ठेवण्याचा करार अलास्का आणि कॅनडा यांच्यात झाला. अशा बंदीत पकडलेल्या माशांकडून मिळणारे खवले आणि नोंदी थांबतात, आणि नदीची स्थिती कळण्याचा भार सोनार, मनोरे आणि कुंपणांवर येतो.