जांभ्याच्या वाटा आणि चाळीस मिलिमीटरचा टायर

दक्षिण कोकणाचा नकाशा समोर धरला की नद्या आडव्या दिसतात आणि आजचे मोठे रस्ते उभे. मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वे, किनाऱ्याचा सागरी मार्ग, तिन्ही उत्तर-दक्षिण जातात. शास्त्री, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, वाघोटण, गड, कर्ली या नद्या मात्र सह्याद्रीकडून निघून पश्चिमेला समुद्र गाठतात. ग्रॅव्हल बाइकला, म्हणजे खडी-मातीच्या रस्त्यांसाठी केलेल्या रुंद टायरच्या सायकलला, साजेशी वाट बहुतेक वेळा या आडव्या दिशेलाच सापडते. याचं कारण जुन्या व्यापारात आहे.

शिडाच्या जहाजांच्या काळात इथलं बंदर समुद्राच्या तोंडाशीच असायला हवं असं नव्हतं. भरतीच्या पाण्यावर गलबत जिथवर चढेल तिथवर खाडीतून आत जायचं, तिथे माल उतरवायचा आणि पुढे बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवायचा, असा व्यवहार होता. चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण ही गावं समुद्रापासून इतकी आत का वसली, हे यावरून कळतं. दाभोळला उतरलेला माल वाशिष्ठीने चिपळुणापर्यंत यायचा आणि कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जायचा. राजापूरचा माल अणुस्कुऱ्याने कोल्हापूर-पन्हाळ्याकडे चढायचा. खारेपाटणचं महत्त्व तर याहून जुनं आहे. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा ताम्रपट या गावाच्या नावानेच ओळखला जातो. राजापुरात इंग्रजांनी १६४९ साली वखार घातली. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला त्या वखारवाल्यांनी मदत केली, तेव्हा १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरवर छापा घालून वखार लुटली. संभाजी महाराज १६८९ साली पकडले गेले ते संगमेश्वरी, शास्त्रीच्या खोऱ्यातल्या याच घाटवाटांच्या मुखाशी.

लमाणांच्या तांड्यांना रुंद रस्ता लागत नसे, चढ मात्र बैलाला झेपेल असाच लागे. म्हणून जुनी वाट नदीच्या पुरापासून जरा वर, डोंगराच्या कुशीने, सावकाश चढत जाते. सायकलवर सामान बांधून निघालेल्याला नेमका हाच चढ मानवतो. गावात शिरताना या वाटेची पाखाडी होते. पाखाडी म्हणजे जांभ्याचे चिरे बसवून केलेली पायऱ्यापायऱ्यांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती. ती माणसांसाठी आणि गुरांसाठी बांधलेली आहे. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी. पायरीच्या कडेवर रिम आपटली की ट्यूब दोन जागी चिमटली जाते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात.

पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या. आगबोटी आल्या त्या खोल पाण्याच्या बंदरांना लागू लागल्या, आतली बंदरं मागे पडली. त्यानंतर वाहतूक महामार्गावर आली, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर माणसंही उभ्या दिशेने ये-जा करू लागली. नदीकाठच्या आडव्या वाटा ओस पडल्या, म्हणूनच त्यातल्या कित्येक आजही डांबराविना आहेत.

आता चाकाखालचा दगड. खोरं सोडून वर आलं की सडा लागतो, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. किनाऱ्याजवळ त्याची उंची साधारण शंभर-दीडशे मीटर भरते. बेसाल्ट लाखो पावसाळे कुजत राहिला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरली. तोच हा जांभा. जमिनीखाली तो ओला नि मऊ असतो, कुऱ्हाडीने चिरता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. सायकलसाठी या एकाच दगडाची तीन रूपं वेगवेगळी धरावी लागतात. उघडा कातळ टणक आणि भोकाभोकांचा असतो. कोरडा असताना त्यावर पकड उत्तम, पण हात लवकर भरून येतात. दुसरं रूप वाटाण्याएवढ्या गोल खड्यांचं. हे खडे कडक जमिनीवर सुटे पसरलेले असतात आणि टायरखाली छऱ्यांसारखे फिरतात. अशा उतारावर पुढचा ब्रेक वळणात दाबला की चाक निसटतंच. वेग वळणाआधी कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडून द्यावा. तिसरं रूप चिरेखाणीच्या रस्त्यावरचं. तिथे ताज्या तुटलेल्या ढलप्यांना धार असते आणि टायरची बाजू फाटते ती बहुधा इथेच.

खालच्या खोऱ्यात आणखी एक वाट मिळते, खारबंधाऱ्याची. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध सपाट आणि दाबलेला असतो, दोन्ही बाजूंना पाणी. त्यावरून जायचं तर ओहोटीची वेळ धरावी, कारण उधाणाच्या दिवसांत सखल जागी पाणी बांधावर येतं. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचं वेळापत्रक आज चालत नाही.

सायकलची गोष्ट या वाटांपुढे अगदी अलीकडची. डनलॉपने हवेचा टायर १८८८ साली केला. आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आगेमागे हिंद, अ‍ॅटलस, सेन-रॅले, हीरो असे कारखाने निघाले आणि काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल गावोगाव गेली. पोस्टमन, पाववाला, मासळीवाला यांची तीच गाडी. तिच्या टायरवर २८ x १½ असा आकडा असतो. आजच्या मापात तो ४०-६३५ होतो, म्हणजे रुंदी चाळीस मिलिमीटर आणि रिमवर बसणारा व्यास ६३५. ग्रॅव्हल बाइकला आज सर्रास घालतात तीच ही रुंदी. डांबर नसलेल्या रस्त्यावर भार वाहायचा तर एवढी हवा टायरमध्ये लागते, हे त्या सायकलच्या घडणीतच होतं. तिचं उणं दुसरीकडे होतं. गियर एकच, वजन वीस किलोच्या घरात, आणि पोलादी रिम ओली झाली की ब्रेक जवळपास लागतच नाही. म्हणून घाटी चढताना आणि पावसात उतरतानाही माणसं सायकल हाताने नेत.

ग्रॅव्हल हे नाव आलं अमेरिकेच्या मध्यभागातून. तिथे शेतांमधून मैलोनमैल खडीचे रस्ते आहेत. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावची दोनशे मैलांची शर्यत २००६ साली सुरू झाली. आज ती अनबाउंड नावाने ओळखली जाते. तिथल्या फ्लिंट हिल्समध्ये गारेचा धारदार दगड आहे आणि टायरच्या बाजू कापल्या जाणं ही त्या शर्यतीची कायमची डोकेदुखी. चिरेखाणीच्या ढलप्या बघितल्या की ते चटकन समजतं. इटलीत मात्र वेगळंच घडलं. टस्कनीतले पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद शर्यतही २०२२ साली इटलीतच, व्हेनेतोत झाली.

कोकणासाठी या सगळ्यातून काय घ्यावं? टायर ४० ते ४५ मिलिमीटरचा, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला), बाजूला जाड कापडाचं संरक्षण असलेला. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरमध्ये पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हा आरंभ ठीक आहे. चिरेखाणीच्या बाजूला जायचं असेल तर दोन-तीन पीएसआय वाढवावे, कारण कमी हवेत धार थेट बाजूवर येते. सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारा द्रव, प्रत्येक चाकात ५० मिलिलिटरच्या आसपास. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन महिन्यांनी बघून भर घालावी. बाजू फाटली तर सीलंटचा उपयोग नाही. आतून जाड तुकडा लावून ट्यूब घालावी लागते, तेव्हा एक ट्यूब बरोबर हवीच.

गियरबाबत हात आखडता घेऊ नये. खाडीपासून सड्यावर जाणारी घाटी एका किलोमीटरमध्ये शंभर मीटर सहज चढते, म्हणजे सरासरी दहा टक्के, आणि वळणांवर त्याहून जास्त. पुढे ४० आणि मागे ४२ दात असतील तर रिकाम्या सायकलला पुरतात, सामान असेल तर अजून हलका गियर लागतो. जांभ्याची लाल धूळ साखळीच्या तेलात मिसळली की तिचा रंधा होतो आणि साखळी, दातरी दोन्ही झिजतात. इथे मेणाचं वंगण बरं. पावसाळ्यात हीच धूळ चिकट चिखल होते आणि टायर व फ्रेममधली फट सहा मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर मागचं चाक जाम होतं. त्यातच कातळावर शेवाळ धरतं, आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. तेव्हाही सड्यावर सावली नसते, दोन-तीन लिटर पाणी खालच्या गावातच भरून घ्यावं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने राजापूरहून ओणी, रायपाटण, पाचल करत अणुस्कुऱ्याच्या पायथ्याकडे जावं. रस्ता आज डांबरी आहे, पण अर्जुनेचं खोरं समजायला याहून सोपी वाट नाही. खारेपाटण ते विजयदुर्ग ही वाघोटणची बाजू त्यानंतरची. शेवटी गिर्ये-रामेश्वरजवळ मराठा आरमाराची गोदी आणि जांभा कोरून काढलेल्या वाटेने उतरावं लागतं ते रामेश्वराचं देऊळ आहे.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, आणि नंतर वाडीवाडीला डांबर गेलं. ते जायलाच हवं होतं. बाळंतिणीला नेणारी गाडी दारात यावी यापुढे सायकलवाल्याच्या आवडीचं काही चालत नाही. मात्र सड्यावरच्या, कोणालाही रोज न लागणाऱ्या लाल वाटा राहू द्याव्यात असं मनापासून वाटतं, कारण त्यांच्या कडेलाच कातळशिल्पं आहेत. कशेळीचा सुमारे अठरा मीटर लांबीचा हत्ती, ज्याच्या अंगावर आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत, तो अशाच उघड्या सड्यावर आहे. बारसू, देवीहसोळ, उक्षी इथेही शिल्पं आहेत. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. या रेषा फार खोल नसतात, त्यांत माती आणि गवत भरलेलं असतं, आणि दुपारच्या उभ्या उन्हात त्या दिसतही नाहीत. सकाळी नऊच्या आत किंवा उन्हं कलल्यावर जावं. सड्यावर मळलेली चाकोरी सोडून कातळावर सायकल घालू नये, आणि शिल्पाभोवती रचलेल्या दगडांची चौकट दिसली की सायकल बाहेर आडवी ठेवून पुढे चालतच जावं.