बदल टिपणारा स्फटिक : छताला बसवायच्या मोशन सेन्सरविषयी

चित्रपटातला चोर लाल लेझरच्या रेषांचं जाळं चुकवत, अंग वाकवत तिजोरीपर्यंत पोचतो. हे दृश्य मनात इतकं ठसलंय की घरफोडीचा अलार्म बसवायचं म्हटलं, की बहुतेकांना तेच जाळं आठवतं. मग हमखास प्रश्न येतो : झोपायच्या खोलीत रात्रभर डोक्यावर किरण सोडणारं यंत्र कशाला? लहान मुलांना त्याचा अपाय होणार नाही ना? हा प्रश्न वारंवार कानावर येतो, म्हणून त्याचं उत्तर मुळापासून द्यायचं ठरवलं.

छताला बसवतात तो नेहमीचा मोशन सेन्सर काहीही सोडत नाही. त्याला पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) म्हणतात आणि त्यातला ‘पी’ म्हणजे पॅसिव्ह. तो नुसता घेतो. (काही मॉडेलांमध्ये जोडीला मायक्रोवेव्हचा भाग असतो. तो क्षीण रेडिओलहरी सोडतो, पण ते वेगळं प्रकरण आहे आणि तसं खोक्यावर लिहिलेलं असतं.) किरण सोडतो तो माणूस. तुम्ही, मी आणि तो चोरसुद्धा.

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार प्रारण सोडत असते. कोणत्या तरंगलांबीला ते सर्वाधिक असेल, हे जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी 1893 साली मांडलेल्या नियमाने काढता येतं. माणसाची त्वचा साधारण 33 अंश सेल्सिअस धरली, तर उत्तर येतं सुमारे 9.5 मायक्रोमीटर. आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश 0.4 ते 0.7 मायक्रोमीटरमध्येच संपतो. म्हणजे काळोखातही आपलं शरीर ‘उजळलेलं’ असतं, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांत. अडचण अशी की भिंती, फरशी, सोफा, पडदे हे सगळंही तसंच उजळलेलं असतं. या उजेडात माणूस वेगळा काढायचा कसा? इथे येतो तो स्फटिक, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहितोय.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेहून टूर्मलिन नावाचे खडे युरोपात नेले. निखाऱ्यांत तापवले की ते राख ओढून घ्यायचे. 1756 मध्ये शास्त्रज्ञ एपिनस यांनी दाखवून दिलं की तापलेल्या खड्याच्या एका टोकाला धन आणि दुसऱ्या टोकाला ऋण विद्युतभार येतो. 1824 मध्ये डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणधर्माला पायरोइलेक्ट्रिसिटी हे नाव दिलं. आज सेन्सरमध्ये टूर्मलिन नसतो. त्याची जागा लिथियम टँटलेटसारख्या स्फटिकांनी किंवा खास सिरॅमिकने घेतली आहे, पण तत्त्व तेच.

लिथियम टँटलेटच्या रचनेत धन आयन आणि ऋण आयन (विद्युतभार असलेले अणू) यांचे मध्यबिंदू एकाच जागी नसतात. ते किंचित सरकलेले असतात, आणि सगळ्या स्फटिकभर एकाच दिशेने. त्यामुळे त्याचा एक पृष्ठभाग कायमचा धन आणि समोरचा कायमचा ऋण असायला हवा. मग हात लावला की झटका का बसत नाही? कारण हवेतले सुटे भार हळूहळू त्या पृष्ठभागांवर येऊन बसतात आणि हिशेब शून्यावर आणतात. स्फटिक शांत दिसतो.

आता तो किंचित तापू द्या. अणूंची थरथर वाढते, आयन मूळच्या जागेवरून थोडे हलतात, ते सरकलेपण कमी होतं. पण पृष्ठभागावर बसलेले भार जुन्याच हिशेबाने बसलेले असतात, ते आता जास्त ठरतात. ही तफावत तारेतून वाहते, आणि ती वाहते तेवढ्यापुरताच प्रवाह मिळतो. तापमान नव्या जागी स्थिरावलं की पुन्हा शांतता. प्रवाह तापमानावर अवलंबून नसतो, तापमान किती वेगाने बदलतंय यावर असतो. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी : प्रवाह म्हणजे स्फटिकाचा गुणांक, त्याचं क्षेत्रफळ आणि तापमानबदलाचा वेग यांचा गुणाकार. लिथियम टँटलेटचा गुणांक दर चौरस मीटरला, दर अंशाला सुमारे 0.0002 कूलोम आहे. स्फटिकाचा तुकडा 2 चौरस मिलिमीटरचा आणि तापमान सेकंदाला एक सहस्रांश अंशाने बदलतंय असं धरलं, तर प्रवाह निघतो 0.4 पिकोअँपिअर. म्हणजे सेकंदाला जेमतेम 25 लाख इलेक्ट्रॉन. साध्या टॉर्चच्या बल्बमधून सेकंदाला याच्या अब्जावधी पट इलेक्ट्रॉन जातात. एवढासा प्रवाह मोजायला, स्फटिक ज्या धातूच्या डबीत असतो त्याच डबीत दहा अब्ज ओहमच्या घरातला रोध (रेझिस्टर) आणि एक ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. 0.4 पिकोअँपिअर गुणिले दहा अब्ज ओहम म्हणजे 4 मिलिव्होल्ट. हे मात्र सर्किटला कळतं. माणूस खोलीत शिरला ही बातमी आधी या 4 मिलिव्होल्टांच्या रूपात येते, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण खोलीचं तापमान तसंही दिवसभर बदलतं. मग अलार्म सारखा का वाजत नाही? कारण डबीत असे निदान दोन तुकडे असतात, आणि ते एकमेकांना उलटे जोडलेले असतात. पूर्ण खोली तापली तर दोघांचे प्रवाह एकमेकांना खोडून काढतात. माणूस चालत गेला, तर त्याची उष्णता आधी एका तुकड्यावर पडते, मग दुसऱ्यावर. म्हणजे एक धन लाट, पाठोपाठ ऋण लाट. अशी जोडी आली तरच सर्किट कान टवकारतं. इथे एक खाच आहे : माणूस अशा दिशेने चालला की दोन्ही तुकड्यांवर एकदमच उष्णता पडेल, तर त्या दिशेची हालचाल निसटू शकते. छताच्या सेन्सरला चहूबाजूंनी पाहायचं असतं, म्हणून चांगल्या मॉडेलांत चार तुकडे असतात. घेताना हे बघून घ्यावं.

स्फटिकापुढचा पांढरट प्लास्टिकचा घुमट नुसतं झाकण नाही, ते भिंग आहे. काच अशा लांब अवरक्त किरणांना अडवते, पातळ पॉलिथिलीन मात्र जाऊ देतं. नखाने हलकेच चाचपलंत तर आतल्या बाजूला बारीक कंगोरे लागतात. हे फ्रेनेल भिंग. ऑगस्तँ फ्रेनेल यांनी दीपगृहांसाठी ते तयार केलं आणि 1823 मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआँ दीपगृहावर ते बसवलं गेलं. जाड भिंगाचा अनावश्यक गर काढून फक्त वक्र पृष्ठभाग कड्याकड्यांनी ठेवला, तरी किरण तसेच एकवटतात. सेन्सरच्या घुमटात अशी छोटी भिंगं शेजारीशेजारी असतात. प्रत्येक भिंग खोलीचा एक चिंचोळा पट्टा स्फटिकावर आणतं. उघड्या छत्रीच्या काड्यांसारखे हे पट्टे छतापासून चहूकडे खाली उतरतात, आणि मध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. माणूस मोकळ्या जागेतून पट्ट्यात आणि पट्ट्यातून मोकळ्या जागेत जातो, तेव्हाच स्फटिकाला हवा असलेला बदल मिळतो. भिंतीवरच्या सेन्सरकडे कुणी सरळ चालत आलं तर पट्टे फारसे ओलांडले जात नाहीत. छतावरच्या सेन्सरखाली मात्र आडवं चाला की उभं, कुठला तरी पट्टा ओलांडावाच लागतो. खोलीच्या मध्यभागी, छताला लावण्याचा हा खरा फायदा.

खोक्यावर ‘इतक्या मीटरचं वर्तुळ’ लिहिलेलं असतं, ते जमिनीवरचं. सेन्सरचा कोन 90 अंश आणि छत 3 मीटरवर असेल, तर जमिनीवर 6 मीटर व्यासाचं वर्तुळ मिळतं, पण दीड मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या पातळीला, ते 3 मीटरच उरतं. कडेला उभ्या माणसाचे फक्त पाय सेन्सरच्या नजरेत असतात. वर्तुळ मोठं करायला सेन्सर आणखी उंच लावला, तर पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागाही वाढतात आणि माणूस प्रत्येक पट्ट्याचा लहानसाच भाग व्यापतो. माहितीपत्रकातली उंची म्हणूनच पाळायची असते.

सगळ्यात कमी बोललं जातं ते उन्हाळ्याबद्दल. 33 अंशांची त्वचा आणि 20 अंशांची भिंत यांच्या प्रारणातला फरक दर चौरस मीटरला जवळपास 80 वॉट असतो. भिंत 30 अंशांवर गेली की तो 20 वॉटच्याही खाली येतो, म्हणजे चौथाई. खोली त्वचेच्या तापमानाला आली की माणूस सेन्सरपुरता जवळजवळ नाहीसा होतो. गंमत पुढे आहे. भिंती 38-40 अंशांवर गेल्या की माणूस पुन्हा दिसू लागतो, पण आता थंड ठिपका म्हणून. स्फटिकाला बदल हवा, गरम की थंड याच्याशी त्याला देणंघेणं नाही. चांगले सेन्सर खोलीचं तापमान मोजून संवेदनशीलता आपोआप वाढवतात. ‘टेम्परेचर कॉम्पेन्सेशन’ हे शब्द खोक्यावर असतात ते यासाठी, आणि कडक उन्हाळ्याच्या जागी त्यांच्याशिवाय सेन्सर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ‘पाळीव प्राणी ओळखणारा’ या जाहिरातीवर मात्र विसंबू नये. तो कुणालाही ओळखत नाही, लहान उष्णतेकडे दुर्लक्ष करतो एवढंच. मांजर कपाटावर चढून घुमटाजवळ आलं तर त्याची उष्णता लहान राहत नाही.

जागा निवडताना हेच तत्त्व लावायचं. एसीचा झोत, हीटर, ऊन पडणारी फरशी, फिरणारा पंखा हे सगळे तापमानबदल घडवतात. एक गोष्ट तर बसवणारेही विसरतात : वायर आणण्यासाठी छताला पाडलेलं भोक. फॉल्स सिलिंगच्या वरची गरम हवा त्या भोकातून झिरपून थेट स्फटिकावर येते. ते भोक सिलिकॉनने बुजवायलाच हवं, म्हणजे किडे-मुंग्याही आत शिरत नाहीत. घुमटावर चालणारा कोळी एकेक भिंग पूर्ण झाकत जातो, आणि सेन्सरला तो मोठ्या आकृतीसारखा भासू शकतो. रात्री बंद घरात अलार्म वाजला, कुणीच सापडलं नाही, की ‘वास्तूत काहीतरी आहे’ अशी कुजबुज सुरू होते. भुतं शोधून देतो म्हणणारे तर हेच सेन्सर पुरावा म्हणून दाखवतात. सेन्सर फक्त एवढंच सांगतो की एका पट्ट्यात उष्णता बदलली. कारण शोधायचं तर मांत्रिकाऐवजी शिडी आणि टॉर्च घ्यावा. स्फटिकाच्या खिडकीला मात्र बोट लावू नये, तेलकट ठसा किरण अडवतो.

वायरिंगचं थोडक्यात. 1853 मध्ये अमेरिकेत ऑगस्टस पोप यांनी विजेवर चालणाऱ्या घरफोडी-अलार्मचं पेटंट घेतलं, त्यात दार उघडलं की सर्किट जोडलं जायचं. तार आधीच कापली तर घंटा मुकी. आजचा सेन्सर उलट वागतो : त्याचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) शांततेत जोडलेला असतो आणि हालचाल दिसली की तुटतो, त्यामुळे तार कापली तरी अलार्म वाजतो. दोन तारा एकमेकींना चिकटवून फसवणं टाळायला लूपच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य पॅनेलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या तारांच्या, शेवटी एक रेझिस्टर लावतात. तो सेन्सरच्या आतच लावायचा. सोय म्हणून पॅनेलमध्ये लावला, तर लूप मधेच कुणी जोडून टाकला तरी पॅनेलला पत्ता लागत नाही. टॅम्पर स्विचची (झाकण उघडलं की कळवणाऱ्या स्विचची) जोडणीही सोडू नये, नाहीतर दिवसा कुणी झाकण उघडून छेडछाड केली तर कळणार नाही.

वीज दिल्यावर मिनिटभर थांबा, स्फटिक स्थिरावू द्या. मग वॉक टेस्ट (चालून बघायची चाचणी) चालू करून, चोर जिथून येईल त्या दारा-खिडकीपासून चाला. एकदा नेहमीच्या चालीने, एकदा अगदी सावकाश, कारण सर्किट फार मंद बदल गाळून टाकतं. ही चाचणी भर दुपारी, खोली सगळ्यात तापलेली असताना पुन्हा करा. कपाट किंवा पार्टिशन हलवलं तर परत करा, त्यामागचं सेन्सरला काही दिसत नाही. आणि सगळं मनासारखं झालं की सेन्सरचा तो छोटा लाल दिवा सेटिंगमधून बंद करा. तो चालू राहिला तर दिवसा घरात येणारा कुणीही फिरता फिरता पट्टे कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे बघून जाऊ शकतो.